दुर्गाडीचा गणेश दरवाजा

कल्याण शहराच्या वायव्य टोकाला, उल्हास नदीच्या खाडीकाठी एका टेकाडावर दुर्गाडी किल्ला आहे. सह्याद्रीतल्या गडांच्या मानाने तो अगदी लहान आहे. चढण पायऱ्यांची, थोडक्यात संपणारी, आणि माथा काही मिनिटांत फिरून होण्याजोगा. माथ्यावर दुर्गादेवीचे मंदिर आहे, शेजारी मुसलमानांच्या नमाजाची जुनी जागा आहे आणि पायथ्याकडून वर येणारी वाट गणेश दरवाजा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रवेशाने आत शिरते. या दरवाजाचे मूळ बांधकाम आता जवळजवळ उरलेले नाही. तरी नाव टिकले आहे, गणेशाची मूर्ती वाटेवर आहे आणि नवरात्रात देवीच्या दर्शनाला येणारी गर्दी याच वाटेने वर चढते. दरवाजा गणपतीचा आणि किल्ला देवीचा, ही जोडी इथे कशी जमली हे समजायला कल्याणच्या इतिहासात थोडे मागे जावे लागते.

कल्याण हे फार जुने बंदर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासमार्गदर्शिकेत, म्हणजे ‘पेरिप्लस’मध्ये, त्याचा ‘कॅलिएना’ असा उल्लेख आहे. इथल्या व्यापारात सत्तांच्या भांडणामुळे अडथळे आले होते आणि चुकून इकडे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असेही त्यात सांगितले आहे. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावे येतात. सहाव्या शतकातला कॉस्मास हा प्रवासीही या बंदराची दखल घेतो. बंदर म्हटले की जकात आली, जकात म्हटली की पहारा आला. घाटावरून नाणेघाट, बोरघाट उतरून येणारा माल खाडीत होडीवर चढायचा तो इथेच. त्यामुळे खाडीवर नजर ठेवणारे हे टेकाड लष्करी दृष्टीने मोलाचे होते.

निजामशाही बुडाल्यावर १६३६च्या तहाने उत्तर कोकणचा हा भाग विजापूरच्या आदिलशाहीकडे गेला. २४ ऑक्टोबर १६५७ रोजी शिवाजी महाराजांच्या माणसांनी कल्याण आणि भिवंडी ही दोन्ही ठाणी घेतली. दुर्गाडीचे नाव मराठी माणसाच्या मनात ठसले आहे ते या घटनेमुळे. खाडीचा मुलूख हाती येताच महाराजांनी इथे गलबते बांधायला घेतली. शहाजीच्या मुलाने वसई आणि चौलच्या बाजूचा मुलूख जिंकला असून तो भिवंडी, कल्याण, पनवेल या बंदरांत लढाऊ जहाजे बांधतो आहे, अशी काळजी पोर्तुगीजांच्या १६५९च्या कागदात उमटलेली दिसते. या कामावर रुय लैतांव व्हियेगश या पोर्तुगीज माणसाच्या हाताखाली तिकडचेच कसबी कारागीर होते. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांना हे कळताच त्यांनी या माणसांना तिथून फोडले. मराठी आरमाराची सुरुवात म्हणून दुर्गाडीकडे बोट दाखवले जाते त्याचा आधार हा आहे.

किल्ल्याच्या पायाचे खोदकाम करताना महाराजांचे अधिकारी आबाजी महादेव यांना अमाप द्रव्य सापडले आणि देवीच्या कृपेने ते मिळाले म्हणून किल्ल्याला दुर्गाडी नाव पडले, अशी कथा कल्याणात घरोघर सांगितली जाते. कथा जुनी आणि लोकांच्या प्रेमातली आहे. मात्र आज जिला किल्ल्याची तटबंदी म्हणून ओळखतात तिचा बराचसा भाग नंतरचा आहे, हेही तितकेच खरे. १८८२ साली निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात कल्याणच्या शहरपन्ह्याची, म्हणजे गावाभोवतीच्या तटाची, हकीगत आली आहे. तिच्यानुसार हे काम शहाजहानच्या काळात सुरू झाले आणि औरंगजेबाच्या काळात, १६९४ साली, पुरे झाले. शहाजहानच्या काळाबद्दल शंका घ्यायला जागा आहे, कारण त्यातला बराच काळ कल्याण विजापूरकरांकडे होते. काम पुरे झाल्याचे साल मात्र पटण्यासारखे आहे. त्या वर्षांत मातबरखान हा मोगलांचा कर्तबगार फौजदार कल्याणला होता. उत्तर कोकणातले कित्येक डोंगरी किल्ले त्याने मोगलांकडे घेतले आणि कल्याण शहर नटवले. शेणाळे तळ्याजवळ, ज्याला आज काळा तलाव म्हणतात तिथे, त्याची कबर आहे.

मोगली शहरपन्हा चार दरवाजांचा आणि अकरा बुरुजांचा होता, असे गॅझेटियर सांगते. गावाच्या वायव्य कोपऱ्यात, खाडीच्या तोंडावर, टेकाडावरचा बालेकिल्ला होता. गावाला जसा कोट असतो तसा कोटाच्या आत हा दुसरा कोट. गाव पडले तरी इथे काही दिवस तग धरता यावा, ही त्यामागची योजना. वर नमाजाची जागा आणि खोल विहीर होती. मंदिराचा अजून पत्ता नव्हता.

मराठ्यांनी कल्याण कायमचे घेतले ते १७१९च्या सुमारास, बाळाजी विश्वनाथ पेशव्यांच्या काळात. पुढे चिमाजी आप्पांच्या मोहिमेत १७३७ साली ठाण्याचा कोट पडला आणि १७३९च्या मे महिन्यात वसई पडली. उत्तर कोकण पेशव्यांच्या अमलाखाली आल्यावर कल्याण हे सुभ्याचे ठाणे झाले. कल्याणच्या सुभेदारांत रामाजी महादेव बिवलकर यांचे नाव विशेष येते. ठाण्याच्या मासुंदा तळ्याकाठचे कौपिनेश्वराचे देऊळ त्यांनीच १७६०च्या सुमारास नव्याने उभे केले. कल्याणातला सुभेदार वाडा आज शाळेच्या रूपाने लोकांच्या ओळखीचा आहे.

याच काळात, १७६० नंतरच्या दहा-बारा वर्षांत, दुर्गाडीवर दोन गोष्टी घडल्या. जुन्या दरवाजापासून जवळच एक नवा दरवाजा बांधण्यात आला आणि त्याला गणेश दरवाजा हे नाव दिले गेले. वर, नमाजाच्या जागेच्या पाठीमागे, दुर्गादेवीचे एक लहानसे लाकडी देऊळ बांधण्यात आले. गॅझेटियरच्या मते किल्ल्याला दुर्गाडी हे नाव पडले ते या देवळावरून. मराठ्यांनी इथे बांधकामाचा फार मोठा खटाटोप केला नाही. तट मोगलांचाच राहिला, बुरूजही तेच राहिले. एक दरवाजा आणि एक छोटे देऊळ एवढेच काम झाले. पण किल्ल्याला आज जे नाव आहे आणि लोक ज्या कारणासाठी तो चढतात, ते दोन्ही या छोट्या कामातून आले आहे.

नवा दरवाजा का बांधला असावा? रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त गडकोटांवर एक प्रकरण आहे. गडाला एकच दरवाजा असणे हा दोष आहे, दोन-तीन दरवाजे आणि चोरदिंड्या असाव्यात. दरवाजा खालून सरळ मारा होईल असा नसावा, त्याच्या पुढे बुरूज घेऊन वाट वळवून आणावी, असे त्यात बजावले आहे. मराठ्यांच्या दरवाजांची गोमुखी बांधणी याच विचारातून आली. येणाऱ्याला दोन बुरुजांच्या बेचक्यात शिरावे लागते, तिथे वळण घ्यावे लागते, आणि वळताना वरून त्याच्यावर मारा करता येतो. दुर्गाडीच्या लहान बालेकिल्ल्याला जवळच दुसरा दरवाजा करण्यामागे हा हिशोब असणे शक्य आहे. शिवाय तट मोगलांनी बांधलेला. कल्याणची सत्ता आता कोणाकडे आहे हे रोजच्या ये-जा करणाऱ्याला सांगायला नव्या दरवाजासारखी दुसरी जागा नाही.

दरवाजावर गणपती बसवण्याची चाल देवळांकडून किल्ल्यांकडे आली. मंदिराच्या गाभाऱ्याच्या चौकटीत वरच्या आडव्या पट्टीच्या मधोमध एक छोटी मूर्ती कोरलेली असते. शिल्पशास्त्रात त्या जागेला ललाटबिंब म्हणतात, आणि तिथे बहुतेक ठिकाणी गणपती असतो. म्हणून गावाकडे त्या पट्टीला गणेशपट्टीच म्हणतात. घराच्या चौकटीवरही तोच बसतो. किल्ल्याच्या दरवाजात ती जागा कमानीच्या माथ्यावर किंवा शेजारच्या कोनाड्यात येते. त्याच्या बरोबर शरभ, हत्ती, कमळाची फुले अशी इतर चिन्हे असतात. दरवाजाच्या आतल्या बाजूस पहारेकऱ्यांच्या देवड्या, अडसर सरकवायची भोके आणि जवळपास मारुती, अशी मांडणी महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी दिसते. पुण्याच्या शनिवारवाड्याच्या पाच दरवाजांतही एक गणेश दरवाजा आहे. पेशव्यांचे कुलाचार आणि गणपतीची त्यांची उपासना पाहता हे नाव कोकणातल्या त्यांच्या ठाण्यावर आले यात नवल नाही. कल्याणजवळच्या टिटवाळ्याचे महागणपतीचे देऊळही पेशवाईतच नव्याने उभे राहिले.

दुर्गाडीवरची जोडी मात्र नुसत्या चालीपेक्षा अधिक नेमकी आहे. पार्वतीने अंगाच्या मळाचा मुलगा घडवला, त्याला दाराशी राखण करायला बसवले आणि त्याने आईच्या दारात साक्षात शंकरालाही अडवले, ही कथा लहानपणी ऐकली नाही असे मराठी घर सापडणार नाही. गणपती दाराशी का बसतो याचे उत्तर या कथेत आहे. दुर्गा हे पार्वतीचेच रूप. म्हणजे टेकाडाच्या वाटेवर मुलगा आणि माथ्यावर आई. पहारा करणाऱ्या शिपायांच्या वस्तीत ही कथा दगडात उतरवण्याला वेगळाच अर्थ येतो, कारण त्यांचे स्वतःचे कामही दाराशी बसण्याचे होते. दरवाजा बांधणाऱ्याच्या मनात ही जुळणी होती असा कागद नाही. दरवाजा आणि देऊळ यांची नावे एकाच काळात, एकाच हातांनी ठेवली गेली, एवढ्यावरून ती जाणून केलेली असावी असे मानणे वावगे नाही.

किल्ल्यावर देवी असण्याला रोजच्या व्यवहाराचीही बाजू होती. मराठी गडांवर देवीची ठाणी नेहमीच महत्त्वाची. शिवनेरीवर शिवाई आहे आणि तिच्यावरून शिवाजी महाराजांचे नाव ठेवले गेले. राजगडावर पद्मावती आहे, प्रतापगडावर १६६१ साली महाराजांनी भवानी बसवली. पावसाळ्यात मोहिमा बंद असत. घटस्थापनेपासून नऊ दिवस गडावर देवीचा उत्सव चाले, खंडेनवमीला हत्यारांची पूजा होई आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून शिपाई नव्या मोहिमेला सिद्ध होत. वर्षाचा लष्करी हिशोब देवीच्या उत्सवाशी असा जोडलेला होता. देवीच्या पूजेसाठी, दिवाबत्तीसाठी गडाच्या जमाखर्चात नेमणूक असे. पुजाऱ्याची जबाबदारी गडकऱ्याइतकीच ठरलेली असायची.

दरवाजा आणि देऊळ यांचे नाते ठाणे-वसईच्या पट्ट्यात आणखी एका ठिकाणी ठळक दिसते, आणि तिथे ते उलट्या दिशेने गेले आहे. भिवंडी तालुक्यात तानसा नदीकाठी वज्रेश्वरी आहे. वसईचा कोट जिंकू दे, तुझे देऊळ बांधीन, असा नवस चिमाजी आप्पांनी केला होता. वसई पडल्यावर तो फेडण्यात आला. हे देऊळ टेकडीवर आहे, त्याला बावन्न पायऱ्या आहेत आणि भोवती किल्ल्यासारखी दगडी भिंत आहे. पुढे बडोद्याच्या गायकवाडांनी प्रवेशावर नगारखाना बांधला. दुर्गाडीवर किल्ल्यात देऊळ आले, वज्रेश्वरीत देवळाने किल्ल्याचे रूप घेतले. वसईच्या कोटातही मराठ्यांनी नागेश्वराचे आणि वज्रेश्वरीचे देऊळ केले आणि दरवाजापाशी मारुती बसवला. पोर्तुगीजांनी पाडलेली देवळे पुन्हा उभी करण्याची ही मोठी लाट होती. कल्याणातले छोटे लाकडी देऊळ याच लाटेचा भाग आहे, जरी तिथे पोर्तुगीजांचा संबंध नव्हता.

अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यातही हीच जुळणी भव्य प्रमाणात आहे. राघोजी आंग्रे यांनी १७५९ साली बांधलेले गणेश पंचायतन तिथे किल्ल्याच्या आत उभे आहे आणि त्याच्या पूजेची परंपरा चालू आहे. कुलाब्यात गणपती मध्यभागी बसला. दुर्गाडीत तो दाराशी राहिला आणि मधली जागा देवीला मिळाली.

पेशवाईच्या उतारात कल्याणवर पुन्हा लढाई आली. १७८० साली पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात इंग्रजांनी कल्याण घेतले. मराठ्यांनी वेढा दिला, पण मे महिन्यात कर्नल हार्टले मदतीला पोचला आणि वेढा उठला. दोन वर्षांनी सालबाईचा तह झाला. शेवटी १८१७च्या पुण्याच्या तहाने कल्याण कायमचे इंग्रजांकडे गेले. आता या कोटाची कोणालाच गरज नव्हती. इंग्रजांनी तटाचे दगड काढून कल्याण आणि ठाण्याच्या धक्क्यांना वापरले, असे गॅझेटियर लिहिते. १८५४ साली रेल्वे कल्याणला आली, स्टेशन खाडीपासून दूर झाले, गाव त्या बाजूला वाढले आणि बंदराची उतरती कळा लागली. १८७६ साली देवळातली मूर्ती चोरीला गेली.

इतके झाल्यावर ही जागा विसरली जायला हवी होती. महाराष्ट्रातले कितीतरी भुईकोट अशाच तऱ्हेने गावाच्या वस्तीत विरून गेले आहेत. दगड नेला की कोट गेला. दुर्गाडी टिकली याचे कारण वर होणारी पूजा आणि शेजारची नमाज. दगड गेले तरी लोक वर चढत राहिले. नव्या मूर्तीची स्थापना झाली, नवरात्राची जत्रा भरत राहिली, ईदची नमाज होत राहिली. मुंबईच्या लोकलमधून उतरून कल्याण-डोंबिवली, भिवंडी, उल्हासनगरचे लोक नवरात्रात दर्शनाला रांगा लावतात. खणा-नारळाची ओटी, माळ, जोगवा हे सगळे तिथे आहे.

माथ्यावर दोन धर्मांची श्रद्धास्थाने शेजारी असल्यामुळे वादही आला. १९७६ साली एका मुस्लिम ट्रस्टने जागेच्या मालकीबद्दल कल्याणच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला. जवळजवळ अर्धशतक तो चालला. १० डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयाने दावा फेटाळला आणि जागा सरकारची असल्याचे मान्य केले. बकरी ईदला नमाजाच्या वेळी देवळाकडची वाट बंद ठेवली जाते आणि त्याविरुद्ध काही दशकांपासून घंटानादाचे आंदोलनही होते. त्या दिवशी पोलिसांचा मोठा बंदोबस्त असतो. किल्ल्याच्या इतिहासाकडे पाहताना मोगली बांधकाम आणि मराठी देऊळ यांपैकी एकच खरे, असे म्हणता येत नाही. तट, नमाजाची जागा आणि विहीर यांचा एक थर आहे, गणेश दरवाजा आणि देवीचे देऊळ यांचा दुसरा. दोन्ही मिळून आजची दुर्गाडी झाली आहे.

अलीकडच्या काळात दुर्गाडीला आरमाराच्या आठवणीमुळे नवे महत्त्व आले आहे. खाडीकाठी आरमाराचे स्मारक उभारण्याचे काम हाती घेतले गेले आणि त्यासाठी भारतीय नौदलातून निवृत्त झालेली टी-८० ही नौका इथे आणण्यात आली. कल्याण आणि भिवंडीला जोडणारा पूल किल्ल्यालगतच आहे आणि त्याला दुर्गाडी पूलच म्हणतात. रोज या पुलावरून जाणाऱ्या हजारो वाहनांतल्या बहुतेकांनी किल्ल्याचे नाव या पुलामुळेच ऐकलेले असते.

डागडुजीचे काम करणाऱ्यांपुढे गणेश दरवाजाचा प्रश्न अवघड आहे. मूळ कमान जवळजवळ नाहीशी झाली आहे, त्यामुळे जे नव्याने उभे राहील ते कल्पनेने उभे राहील. मोगली तटाचा घडीव दगड आणि चुन्याचे काम, पेशवाईतला दरवाजा आणि अलीकडच्या पायऱ्या व मंदिराचे बांधकाम हे तीन थर बघणाऱ्याला वेगवेगळे ओळखू यावेत, अशा रीतीने डागडुजी व्हायला हवी. सिमेंटने सगळे एकसारखे गुळगुळीत केले तर मराठ्यांनी इथे नेमके काय केले हेच पुसले जाईल. उरलेल्या बुरुजाचे आणि पायथ्याच्या दगडांचे मोजमाप घेऊन, जुन्या नोंदींशी पडताळून, दरवाजाची जागा दाखवणारा साधा फलक लावणे हे नव्या कमानीच्या बांधकामाआधी करण्यासारखे काम आहे.